डब्बूचा आवाज

प्रेमानंद खोब्रागडे हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. त्यांचा आवाज मात्र बहुतेक ऐकला असेल. 'सितारों के मुसाफिर' या नावानं हिंदीत आलेले ते सात परदेशी सिनेमे आठवतात? त्यांत एक बुटका, चौकोनी यंत्रमानव होता, बोलताना पोटावरचा दिवा लागणारा. हिंदीवाल्यांनी त्याचं नाव डब्बू ठेवलं होतं. त्या डब्बूच्या आत नागपुरातल्याच इंदोरा वस्तीचा एक माणूस बसलेला आहे, हे आम्हा नागपूरकरांनाही पुष्कळ वर्षं ठाऊक नव्हतं. सिनेमाच्या शेवटी जी नावं वरवर सरकत जातात, त्यांत वायर उचलणाऱ्याचंही नाव असतं, पण हिंदीत आवाज देणाऱ्याचं नसतं. मी इंग्रजीचा मास्तर आहे, चिडणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे, पण या गोष्टीचा मला जो राग येतो तो पगारी नव्हे.

सगळं सुरू झालं एका चुकीपासून. पहिल्या भागाच्या शेवटी जहाज फुटायला आलेलं असतं. कप्तानबाई डब्बूला सांगते, मला इथेच सोड आणि तू नीघ. त्यावर तो एकच शब्द विचारतो. हिंदीत तिथे 'क्यों' यायला हवं होतं. प्रेमानंदभाऊ सकाळपासून मुंबईच्या त्या बंद खोलीत कानाला हेडफोन लावून उभे होते, पोटात अन्नाचा कण नव्हता आणि समोर पडद्यावर ती बाई रडत होती. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काहून?" काचेपलीकडच्या दिग्दर्शकाला वाटलं, यंत्राची काही खास भाषा असेल. यंत्राला ओठ नसतात, तेव्हा ओठ जुळतात की नाही हेही कोणी पाहिलं नाही. शब्द तसाच राहून गेला.

लखनौ-जयपूरच्या पोरांनी तो शब्द यंत्राचा म्हणून डोक्यावर घेतला. नागपुरात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. सीताबर्डीच्या थिएटरात तो शब्द ऐकू आला. मग मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अबे, हा तं आपला माणूस हाय." पुढची पाच मिनिटं पडद्यावर कोण काय बोललं ते कोणाला कळलं नाही. जहाज फुटलं, कप्तानबाई वाचली, आम्ही खुर्च्यांवर उभे राहून ओरडत होतो. आमच्या बोलीला पुण्या-मुंबईकडे हसतात, सिनेमात ती फक्त नोकर किंवा येडपट माणूस बोलतो. इथे ती अंतराळात गेली होती आणि तिला कोणी सुधारलं नव्हतं.

त्या दुपारी आमचं मुसाफिर मंडळ जन्माला आलं. धरमपेठेत श्रीधरचं चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी आम्ही जमायचो. श्रीधर अध्यक्ष, मी सचिव, बाकी पंधरा-वीस जण आजीव सभासद. इतर शहरांत अशा सिनेमांच्या चाहत्यांचे क्लब असतात. आमचं मंडळ होतं, म्हणजे त्यात इतिवृत्त होतं, निषेधाचे ठराव होते आणि दोन गट होते.

डब्बू आम्हाला सापडला तो दीक्षाभूमीवर. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी कॉलेजातल्या एका सहकाऱ्याबरोबर गेलो होतो. लाखो माणसं, आणि भोंग्यावरून हरवलेल्यांसाठी चाललेल्या घोषणा. "भिवापूरच्या बायजाबाई, तुमचा नातू पाण्याच्या टाकीपाशी उभा आहे. तो रडून नाही राहिला, तुमीही रडू नका." मी जागच्या जागी थांबलो. भोंग्यांच्या वायरीचा माग काढत मी एका मांडवात पोचलो. टेबलामागे पांढरा शर्ट घातलेला, सावळा, चाळिशीकडे झुकलेला माणूस बसला होता, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. मी विचारलं, तुम्ही डब्बू का? त्यानं माईकवर हात ठेवला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी त्याच आवाजात म्हणाला, "काहून?"

तिथून आमची दोस्ती. प्रेमानंदभाऊंचे वडील गिरणीत होते. पोरगा नाटकात काम करायचा, म्हणून नट व्हायला मुंबईला गेला. तिथं त्याला सांगण्यात आलं की चेहरा चालणार नाही, आवाज चालेल. हे सांगताना ते हसायचे, मला मात्र हसू यायचं नाही. नऊ वर्षं त्यांनी परदेशी सिनेमांतल्या गुंडांना, म्हाताऱ्यांना, दोनदा तर कुत्र्यांना आवाज दिला. पुढे वडील अंथरुणाला खिळले म्हणून ते परत आले आणि इंदोऱ्यात माईक-भोंग्यांची सर्व्हिस टाकली. मुसाफिरचा नवा भाग निघाला की मुंबईहून फोन यायचा. ते रेल्वेनं जायचे, दोन दिवस डब्बू व्हायचे आणि परत येऊन कोणाच्या तरी लग्नात माईक टेस्टिंग करायचे. एव्हाना 'काहून' इतका गाजला होता की दर भागात तो एकदा तरी यायचाच. त्यांच्या नावाची मात्र कोणी चौकशी केली नाही. मी त्यावर तणतणलो की ते म्हणायचे, "मास्तर, मंडप घालनाऱ्याचं नाव पत्रिकेत राह्यते का?"

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी खर्ऱ्याचं नाव घेतलं, त्यांच्या घरात आम्ही कोणी ते घेतलं नाही. माणूस वाचला, पण गळ्यातली आवाजाची पेटी काढून टाकावी लागली. गळ्याच्या पुढच्या बाजूला श्वास घ्यायला एक भोक राहिलं, त्यावर रोशनीताई मऊ कापडाचा पट्टा शिवून द्यायच्या. रोशनीताई म्हणजे त्यांची बायको. ब्लाउज शिवतात, हात बारीक आहे आणि जीभ त्याहून बारीक. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्रही दवाखान्यातून आणलं होतं. भाऊंनी ते एकदा लावून पाहिलं, त्यातून घरघरल्यासारखे शब्द आले, तसं त्यांनी ते कपाटात टाकलं आणि पाटीवर लिहिलं, "डब्बू असा नाही बोलत." तेव्हापासून ते पाटीवरच बोलतात. शाळेतली साधी पाटी, काठाला पेन्सिल बांधलेली.

मंडळात मुसाफिरचा कुठलाही भाग लागला की भाऊ खुर्ची पुढे घेऊन बसायचे. एका रविवारी रोशनीताईही आल्या. मी आपला सभ्यपणे म्हणालो की बरं झालं, एवढे सात भाग तरी आहेत, भाऊंचा आवाज कुठे जात नाही. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "हो ना सर. पन आता मले सातही पाठ झाले. समोरचं वाक्य काय येनार ते आधीच मालूम असते. मानूस नवीन काही बोलतच नाही." मी पंखा वाढवला.

आणि मग मुसाफिर विकला गेला.

त्या दिवशी सकाळी आठ वाजता श्रीधरचा फोन. "आयकलं का गा? विकला." मला वाटलं त्यानं दुकान विकलं. समजलं तेव्हा मी चहाचा कप तसाच ठेवला. ज्या कंपनीनं पंचवीस वर्षं ते सिनेमे काढले, तिनं सगळंच्या सगळं, जहाजं, ग्रह, कप्तानबाई आणि डब्बूसकट, एका दुसऱ्या बड्या कंपनीला विकून टाकलं होतं. आता कोणी म्हणेल, परदेशातल्या एका शेटजीनं दुसऱ्या शेटजीला माल विकला, तुमच्या धरमपेठेत सुतक कशाला? ज्याचं जळतं त्याला कळतं. आमच्यातल्या कित्येकांचं तारुण्य त्या जहाजात गेलं होतं. त्या रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका गटाचं म्हणणं, नवे मालक पैशावर टपलेले आहेत. दुसऱ्या गटाचं म्हणणं, जुने काय दानधर्म करत होते? दंडाला काळ्या फिती लावायचा ठराव झाला, काळी फीत कोणाकडे नव्हती, म्हणून श्रीधरनं चष्म्यांच्या काळ्या दोऱ्या वाटल्या. त्यानं अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि चहाच्या आत परत घेतला.

खरा घाव दोन महिन्यांनी बसला. नव्या कंपनीनं जाहीर केलं की सातही भाग 'ताज्या आणि एकसारख्या हिंदीत' नव्यानं बोलते करण्यात येतील, जुनी हिंदी आवृत्ती मागे घेतली जाईल आणि येणाऱ्या आठव्या भागात सगळे आवाज नवे असतील. जुने भाग आमच्या हार्ड डिस्कवर होतेच, ते कोणी नेत नव्हतं. पण इथून पुढे डब्बू म्हटलं की जगाला दुसराच कोणीतरी ऐकू येणार होता. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे पाटीवर लिहिलं, "घरमालक बदलला का भाडेकरूले उठाच लागते, मास्तर." सगळे हसले. रोशनीताईंनी पाटी त्यांच्या हातातून घेतली आणि पदरानं पुसून टाकली.

ते मला सहन झालं नाही. इथून पुढची गोष्ट माझी आहे आणि तिचा दोष दुसऱ्या कोणावर टाकायची सोय नाही.

मी एक पत्र लिहिलं. चांगलं इंग्रजी मला येतं, त्याचा माज तेव्हा होता. डब्बूचा आवाज कोणाचा आहे, तो शब्द कुठून आला, त्या माणसाचं पुढे काय झालं, सगळं लिहिलं. डब्बूला हिंदी शिकवू नका, त्याला नागपूरचाच राहू द्या, उलट आमची बोली त्याच्या तोंडी आणखी घाला, असंही लिहिलं. मंडळाच्या वीस जणांनी हातात पाट्या धरून फोटो काढला, प्रत्येक पाटीवर एकच शब्द, 'काहून?' तो फोटो आम्ही सगळीकडे सोडला. आठवड्याभरात पाटण्यापासून इंदूरपर्यंत लोक पाट्या घेऊन उभे राहिले. ज्यांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता त्यांनाही तो कळला. पेपरात भाऊंचं नाव आलं, पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा.

मग मुंबईहून फोन आला. कंपनीच्या हिंदी विभागात मिनल नावाची एक मुलगी होती, बोलायला गोड आणि खरोखर भली. ती म्हणाली की तुमचं पत्र वर पोचलंय, सगळे हेलावले आहेत, आम्ही डब्बूचा आवाज बदलत नाही. मी म्हणालो, पण भाऊ बोलू शकत नाहीत. ती म्हणाली, त्याची गरज नाही. त्यांच्या आवाजाचे स्वच्छ नमुने मिळाले तर संगणक त्यांच्याच आवाजात नवे संवाद बोलेल. जुने भाग आहेत तसे राहतील आणि या वेळी नावांच्या यादीत प्रेमानंद खोब्रागडे हे नावही येईल.

त्या रविवारी आम्ही संत्रा बर्फी वाटली. भाऊंनी मात्र पाटी मांडीवर ओढली. मग त्यांनी लिहिलं, "मी जे म्हटलंच नाही ते माह्या आवाजात कोन म्हनन?" मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "तुम्हीच. घसा फक्त त्यांचा." खोलीत टाळ्या पडल्या. मलाही माझं वाक्य आवडलं. भाऊंनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसतीच, हे मी पाहिलं नाही.

अडचण नमुन्यांची होती. सिनेमातल्या आवाजाखाली संगीत असतं, स्फोट असतात, ते चालणार नव्हतं. भोंग्यावरच्या घोषणा कोणी जपून ठेवत नाही. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी घातलेली, नवरा-नवरी तोंड हलवतात आणि ऐकू येतो बँड. आता संपलं, असं मला वाटत असताना रोशनीताई म्हणाल्या की त्यांच्यापाशी काही आहे. त्यांनी शिलाई मशीनच्या खालच्या खणातून एक डबा काढला. आत कॅसेटी होत्या, प्रत्येकीवर भाऊंच्या अक्षरात 'इंग्रजी व्याकरण, भाग २', 'भाग ३', असं लिहिलेलं. मी म्हणालो, भाऊ, माझ्या पोटावर पाय देत होतात की काय? पण ते व्याकरण नव्हतं. लग्न झालं तेव्हा भाऊ मुंबईला आणि ताई इंदोऱ्यात सासरी. त्या घरात टपालानं आलेलं पत्र आधी सासरे वाचायचे, मग दीर, मग शेजारी. म्हणून भाऊ कॅसेटवर बोलून पाठवायचे, आणि ती कोणी लावून पाहू नये म्हणून वर व्याकरण लिहायचे. भीमगीतं लिहिलं असतं तर सगळं घर ऐकायला बसलं असतं. सासरे कौतुकानं सांगायचे, सून शिकते आहे.

त्या कॅसेटींत फक्त भाऊंचा आवाज होता, कित्येक तासांचा, बंद खोलीत घेतलेला, स्वच्छ. ताईंनी डबा माझ्यापुढे ठेवला, पण वरचा हात काढला नाही. "सर, याच्यात आमचं बोलनं हाय. कोनी आयकाचं नाही."

मी शपथ घेतली. म्हणालो, मीसुद्धा ऐकणार नाही. तिकडे माणूस नसतोच, यंत्र असतं. यंत्र फक्त आवाज घेतं, शब्दांशी त्याला काही घेणंदेणं नसतं.

त्या म्हणाल्या, "मले एकच पाह्यजे. एकदा तरी यांच्या तोंडून नवीन काही आयकाले भेटलं पाह्यजे." आणि हात काढला.

मुंबईहून अकरा पानांचा करार आला, इंग्रजीत. तो मी भाऊंना मराठीतून समजावून सांगितला. 'नमुने आणि त्यांतील मजकूर यांचा वापर' असं सातव्या पानावर होतं. ते मी वाचलं होतं. वकिली भाषा अशीच भरताड असते असं समजून मी ते ओलांडून गेलो. पोरांच्या पेपरात एक स्वल्पविराम राहिला तर मी लाल वर्तुळ काढतो. भाऊंनी ताईंकडे पाहिलं आणि सही केली. कॅसेटींची नक्कल मी कान बंद ठेवून केली, म्हणजे मशीनचा आवाज बंद करून, आणि तो डबा जसाच्या तसा परत नेऊन दिला.

आठवा भाग गेल्या वर्षी आला. सकाळचा खेळ, मंडळानं चार रांगा घेतलेल्या. मधोमध भाऊ, नवा शर्ट, गळ्याला नवा पट्टा. शेजारी रोशनीताई, त्यांच्या शेजारी मी. सिनेमा सुरू झाला, अंधारात डब्बूच्या पोटावरचा दिवा लागला आणि तो बोलला. भाऊंचाच आवाज. तीच खरखर, वाक्याच्या शेवटी तीच किंचित उतरण. ताईंनी पदर तोंडाला लावला. डब्बू पुढचं वाक्य बोलला, की त्या माझ्याकडे झुकून पुटपुटायच्या, "हे नवीन हाय." मग पुन्हा, "हेही नवीन." पाऊण तासभर असं चाललं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड पडत होता आणि मी सिनेमा सोडून तेच पाहत होतो. आयुष्यात एक तरी काम आपण धड केलं, असं मला वाटत होतं.

मध्यंतराच्या थोडं आधी कप्तानबाई एकटी एका अंधाऱ्या ग्रहाच्या पलीकडे जाते. वायरलेस बंद पडतो. जहाजात डब्बू एकटा उरतो. तो यंत्रापाशी जातो, बटण दाबतो आणि त्या शांततेत हळू आवाजात विचारतो, "आयकून राहिली ना वं?"

थिएटर दणाणून गेलं. शिट्ट्या, आरोळ्या, कागदाचे कपटे. 'काहून' हा एक शब्द होता, हे तर आख्खं वाक्य होतं, आणि तेही 'वं' लावून, घरातल्या बाईला बोलावं तसं. श्रीधर खुर्चीवर चढला. मी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. माझं पत्र कामी आलं होतं. पलीकडून उत्तर येत नाही, म्हणून डब्बू पुन्हा विचारतो, "आयकून राहिली ना वं?" तिसऱ्यांदा त्याच्याबरोबर सगळं थिएटर म्हणालं.

मी हसत ताईंकडे वळलो. त्यांनी दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले होते आणि त्या गुडघ्यांपर्यंत वाकल्या होत्या. भाऊ त्यांच्या पाठीवर हात ठेवून समोर पाहत होते. मला आधी वाटलं, आनंदाचे अश्रू. मी इंग्रजी साहित्य शिकवतो आणि मला बाईचं रडणं वाचता आलं नाही.

त्या उठून बाहेर गेल्या. मी मागोमाग गेलो. पायऱ्यांवर बसल्या होत्या. वर न पाहता त्यांनी विचारलं, "सर, तुमी नव्हतं ना आयकलं?"

मी म्हणालो, "नाही ताई. शप्पथ."

"आता आयकलं ना," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं, आणि उरलेलं त्यांनी तिथेच तुटक तुटक सांगितलं. प्रत्येक कॅसेट त्याच वाक्यानं सुरू व्हायची. सातशे-आठशे किलोमीटरवरून तो माणूस एका यंत्रापुढे बसून आधी तेवढं विचारायचा, उत्तर येणार नाही हे माहीत असताना, आणि उत्तराला जेवढा वेळ लागेल तेवढा थांबायचा. इंदोऱ्यात सगळे कामाला गेले की त्या टेपला कान लावायच्या आणि त्या थांबलेल्या जागेत म्हणायच्या, "हो." भाऊ दाराशी येऊन उभे राहिले होते. आत पोरांनी ते वाक्य चौथ्यांदा म्हटलं, ते बाहेरही ऐकू आलं.

मी मिनलला फोन केला. ती बिचारी खुशीत होती. म्हणाली, आमच्या लेखकांनी नमुने ऐकले आणि ते त्या वाक्याच्या प्रेमातच पडले, तुम्हीच लिहिलं होतं ना, बोली आणखी घाला म्हणून. मी ओरडलो तेव्हा ती हळूच म्हणाली की करारात आहे, सर, सातवं पान. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, एवढं म्हणून ही गोष्ट सुटत नाही. गणपती माझा नव्हता, माती त्यांच्या घरची होती. आता ते वाक्य टी-शर्टांवर आहे, कपांवर आहे. धरमपेठेतल्या कॉफीच्या दुकानात पोरं पोरींना ते म्हणतात आणि पोरी हसतात. जिथे ती बोली बोलायची लाज वाटायची तिथेही म्हणतात. मंडळानं अभिनंदनाचा ठराव मांडला, मी तो लिहिला नाही, आणि त्यानंतर त्या खोलीत गेलोही नाही. यादीत नाव आलं होतं, प्रेमानंद खोब्रागडे. ते मी पुढे एकट्यानं जाऊन पाहिलं.

माफी मागायला जायला मला दोन महिने लागले. दुपारची वेळ होती. भाऊ एक अँप्लिफायर उघडून बसले होते, ताई मशीनवर. मला बसायला सांगितलं, चहा केला, कॉलेजचं विचारलं. मी पाठ करून आणलेलं सगळं बोललो. भाऊंनी ऐकून घेतलं, हात पुसले आणि पाटीवर लिहिलं, "मी डब्बूले माहा आवाज देल्ला होता. हिचं वाक्य नाही देल्लं." मी ते वाचलं हे पाहून त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा कामाला लागले.

रोशनीताईंनी मशीन थांबवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या साध्या आवाजात सांगू लागल्या. "सर, ऑपरेशन झालं तरी हे रोज सकाळी मले उठवाले येत आनि नुसत्या ओठानं तेवढं म्हनत. आवाज नव्हता, पन मले आयकू ये. कॅसेटीतलाच, तवाचा. कॅसेटी लावाची मले गरजच नव्हती. आता ओठ हलले का त्याच्यातून तो डब्बू बोलते, आनि मागून पब्लिक वरडते. लय कोशिश केली मी. नाही जमलं." त्यांनी सुईत दोरा ओवला, तो पहिल्या खेपेला गेला नाही. "मंग मीच यांले सांगतलं, आता नका म्हनत जाऊ."

भाऊ पाठमोरे बसले होते, त्यांचा हात मध्येच थांबला आणि परत स्क्रू फिरवू लागला. तेव्हापासून ते ताईंना खांद्याला हात लावून उठवतात.